जेवून येईस्तोवर हार्ड डिस्क गायब

बेळगावातल्या शहापूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं लग्नपत्रिका आणि फोटो अल्बम डिझाइनचं काम चालतं. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि बाहेरून जोडायची २ टीबीची एक हार्ड डिस्क, एवढाच संसार. त्या डिस्कवर आठ वर्षांची लग्नं आहेत. मराठी पत्रिका, कन्नड पत्रिका आणि आपल्याकडं हमखास असतात तशा, एका पानावर मराठी नि दुसऱ्या पानावर कन्नड. गेल्या वर्षी ही डिस्क दिसायची बंद झाली. मग दिसली. मग पुन्हा बंद. तीन महिने हाच खेळ चालला आणि तेवढ्यात मी ती चार वेळा 'दुरुस्त' केली.

पहिल्यांदा गेली तेव्हा ओळखीच्या दुकानात घेऊन गेलो. तिथला पोरगा बघायच्या आधीच म्हणाला, "केबल चेंज माडि नोड्री सर." नवी केबल घेतली, घरी येऊन जोडली, दिसली. आठ दिवसांनी पुन्हा गायब. या वेळी कुणीतरी सांगितलं म्हणून ड्राइव्हचं अक्षर बदललं. दिसली. तिसऱ्या वेळी डिव्हाइस मॅनेजरमधून, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीतून, तिची नोंद काढून टाकली आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दिसली. चौथ्या वेळी वैतागून केबल उपटली आणि तशीच परत खुपसली. तरीही दिसली!

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. चारही वेळा एकच गोष्ट घडली होती: डिस्कची वीज तुटून परत जोडली गेली होती. केबल बदलायची तर डिस्क काढावी लागते, कॉम्प्युटर बंद केला तर तिची वीज जाते, आणि अक्षर बदलायचं तर ती आधी दिसायला हवी, म्हणजे तेव्हाही मी ती एकदा काढून घातलेलीच होती. येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडात हीच फसगत होते. शेवटी जे केलं त्याच्या नावावर यश जमा होतं. अंगारा लावला आणि ताप उतरला, तशातली गत.

म्हणून आधी सांगतो, तुमची डिस्क कधी दिसते नि कधी दिसत नाही अशी असेल तर लगेच काही करू नका. आधी खुणा करा. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर केल्या. डिस्क गेली की त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहायची, त्याआधी काय करत होतो ते लिहायचं, डिस्क कुठल्या पोर्टात होती आणि बाजूला आणखी काय जोडलं होतं तेही लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी काही हलवायचं नाही. तीन आठवड्यांत नऊ खुणा झाल्या. त्यातली एक नेमकी अमावास्येच्या चौकोनात पडली, तेव्हा आईनं आपल्यापुरता निष्कर्ष काढून टाकला.

बाकीच्या आठ खुणा मात्र बोलक्या होत्या. दुपारी अडीच, पावणेतीन, परत अडीच, संध्याकाळी सहा. म्हणजे जेवण आणि चहा. फायली भराभर कॉपी होत असताना, डिस्क गरम झालेली असताना, एकदासुद्धा गेली नव्हती. काम चालू असताना ठणठणीत, आणि मी उठलो की गायब.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडली. त्यात 'विंडोज लॉग्ज'खाली 'सिस्टम' असतं, तिथं 'डिस्क' या नावाच्या नोंदी शोधायच्या. १५७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क कुणीतरी अचानक उपटली असं विंडोजला वाटलं. १५३ म्हणजे वाचायचं किंवा लिहायचं काम पुन्हा करून बघावं लागलं. आणि ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला. ही दिसली तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी कामाच्या फायली दुसरीकडं घ्या. माझ्याकडं ७ नव्हती, १५७ च्या रांगा होत्या. आणि त्यांच्या वेळा मी जेवायला उठल्याच्या नव्हत्या. परत येऊन फोल्डर उघडल्याच्या होत्या. डिस्क झोपेत मरत नव्हती, उठवताना मरत होती.

इथून पुढचं गणित सोपं आहे. विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटर विजेवर असेल तर २० मिनिटं वापर नसलेली हार्ड डिस्क थांबवली जाते. आतल्या तबकड्या फिरायच्या बंद होतात. परत गरज पडली की मोटर शून्यापासून तबकड्या फिरवते, आणि त्या पहिल्या काही सेकंदांत तिला नेहमीपेक्षा खूप जास्त करंट लागतो. विहिरीवरची मोटर चालू करताना घरातले दिवे क्षणभर मंद होतात ना, तसंच. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती सगळी वीज यूएसबीमधून घेते. यूएसबी २ चं पोर्ट नियमानं ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर, देतं, यूएसबी ३ चं ९००. डिस्कच्या अंगावरचं लेबल वाचा, बऱ्याचदा त्यावर ०.७ पासून १ अँपिअरपर्यंतचा आकडा असतो. म्हणजे मामला मुळातच काठावरचा.

माझी डिस्क होती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात. वाकावं लागत नाही म्हणून सगळ्यांचीच तिथं असते. त्या पोर्टाला वीज मदरबोर्डावरून आतल्या बारीक वायरींमधून येते, तिथं थोडा व्होल्टेज पडतो. शेजारच्या पोर्टात स्कॅनर, तोही यूएसबीच्याच विजेवर चालणारा. त्यात माझी 'नवी' केबल दीड मीटरची, दिसायला जाड, आतून केसासारखी. डिस्क फिरत असताना एवढ्यात भागत होतं. झोपेतून उठताना भागत नव्हतं. मोटर उचल खाते, व्होल्टेज बसतो, डिस्कच्या डब्यातलं यूएसबीचं सर्किट गडबडतं, विंडोज म्हणतं गेली.

उपाय तिन्हीकडून केला, पण एकेक करून. आधी डिस्क मागच्या पोर्टात, थेट मदरबोर्डावर. पाच दिवसांत दोनदाच गेली. मग पॉवर ऑप्शन्समधल्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' हे 'नेव्हर' केलं आणि त्याच यादीत 'यूएसबी सेटिंग्ज'खालचं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद केलं. बंद पडणं थांबलं. शेवटी डिस्कसोबत आलेली मूळची आखूड केबल ड्रॉवरच्या तळातून शोधून काढली आणि तीच लावली. या गोष्टीला सात महिने झाले. काही डिस्क मात्र स्वतःच्या आतल्या हिशेबानं झोपतात, विंडोजचं ऐकत नाहीत. तिथं पोर्ट आणि केबल हाच इलाज. लॅपटॉप असेल तर चार तोंडांच्या स्वस्त हबवर डिस्क लावू नका. हब हवाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

एक राहिलंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' असतो, त्याच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये 'वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण असते. तीही काढा.

आता तुमची तऱ्हा वेगळी असू शकते. माझी डिस्क येऊन-जाऊन होती. काहींची मुळातच दिसत नाही. अशा वेळी पहिलं काम कान लावायचं. खरंच, डिस्क हातात घेऊन कानाशी धरा.

बारीक घरघर, हलकासा कंप आणि दिवा लागतो, म्हणजे मोटर फिरते आहे, आशा आहे. काहीच आवाज नाही, दिवाही नाही, तर केबल, पोर्ट किंवा डब्यातलं सर्किट. फोनच्या चार्जरसोबत आलेल्या काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. त्यांवर दिवा लागतो पण कॉम्प्युटरला पत्ता नसतो. बीप-बीप असा बारीक आवाज आला तर मोटरला फिरायचं आहे पण फिरता येत नाही: एक तर वीज कमी, नाहीतर तबकडीवरचा डेटा वाचणारा आतला हेड तबकडीलाच चिकटून बसला. मागच्या पोर्टात, चांगल्या केबलवर एकदा बघा. तरीही बीप असेल तर थांबा. आणि टक्-टक्-टक् असा ठरावीक ताल आला तर लगेच काढा. हेड आपली जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाही. जितके वेळा चालू कराल तितका तबकडीवर ओरखडा पडायचा धोका. आपटून बघणं, फ्रीजमध्ये ठेवणं, तांदळाच्या डब्यात पुरणं असले प्रकार करू नका. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर पाणी धरतं आणि तांदळातून मिळते ती फक्त पूड.

तसंच डबा फोडून आतली डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडायचा सल्ला सगळे देतात. सर्किट गेलं असेल तर तो कधी कधी लागूही पडतो. पण काही डिस्कमध्ये यूएसबीचं टोक डिस्कच्या सर्किटच्या पट्टीवरच डकवलेलं असतं, कॉम्प्युटरच्या आत थेट जोडायला लागतं ते साटाचं टोक मिळतच नाही. आणि काहींत तो डब्यातला चिपच डेटा कुलूपबंद करून लिहीत असतो. पासवर्ड तुम्ही कधी टाकला नसला तरी. अशी डिस्क बाहेर काढून जोडली तर रिकामी किंवा अगम्य दिसते आणि माणूस घाबरून फॉरमॅट करतो. फोडलेल्या डब्यातलं सर्किट म्हणूनच कचऱ्यात टाकू नका.

आवाज नीट आहे, दिवा आहे, पण 'धिस पीसी'मध्ये डिस्क नाही? स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथं ती खाली यादीत दिसली तर निम्मं काम झालं. निळी पट्टी आहे, 'हेल्दी' लिहिलंय, फक्त अक्षर नाही, तर उजवी क्लिक करून रिकामं अक्षर द्या. कार्ड रीडर किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरनं तेच अक्षर आधी बळकावलेलं असतं, म्हणून घोळ होतो. 'ऑफलाइन' लिहिलं असेल तर 'ऑनलाइन' करा. एवढी दोनच कामं तिथं बिनधास्त करायची.

बाकीच्या पाट्या दिसल्या की हात मागं. नंदगडच्या मामांचा फोन आला होता, "अरे, हे फॉरमॅट कर म्हणूलालंय बघ. करू काय?" नातवाच्या बारशापासूनचे फोटो होते त्यात. मी म्हटलं, "मामा, कॅन्सल दाबा आणि डिस्क काढून ठेवा, रविवारी मी येतोय." विंडोजला डिस्कवरची मांडणी कळली नाही की ते फॉरमॅट करायचं म्हणतं, तो सल्ला डेटाच्या भल्याचा नसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अशा डिस्कसमोर 'रॉ' लिहिलेलं असतं. मामांनी फोटो कॉपी होत असतानाच डिस्क ओढून काढली होती.

त्यांच्या डिस्कवर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती हे दाखवतं. त्यातल्या तीन ओळी बघायच्या. 'रीअॅलोकेटेड सेक्टर' म्हणजे खराब झाल्यानं बदलून घेतलेल्या जागा. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे आत्ता वाचता येत नाहीत अशा. हे आकडे शून्य असतील तर बरं, वाढत असतील तर डिस्क चालली. 'सीआरसी एरर' मात्र बऱ्याचदा केबलकडं किंवा जोडणीकडं बोट दाखवते. मामांचं सगळं शून्य होतं. मग टेस्टडिस्कनं, तेही फुकट आहे, आतली फोल्डरं दिसली आणि तशीच दुसऱ्या डिस्कवर उतरवली. ती दिसली नसती तर त्याच मंडळींचं फोटोरेक वापरावं लागलं असतं. ते फोटो शोधून काढतं, पण फायलींची नावं नि फोल्डरं जातात. बारा हजार फोटो एका ढिगात, आणि बारसं कुठलं नि मुंज कुठली ते एकेक उघडून बघायचं.

विंडोजमधल्याच चेकडिस्क या डिस्क तपासायच्या साधनाचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. त्या तीन ओळी साफ असतील आणि डेटाची दुसरी प्रत असेल तर चालवा. नाहीतर नको. चेकडिस्कचं काम मांडणी सुसंगत करणं, तुमच्या फायली वाचवणं नाही. मोडकळीला आलेल्या डिस्कला ते तासन्‌तास रगडतं आणि शेवटी 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये तुकडे ठेवून मोकळं होतं.

पेंडिंग सेक्टर वाढत असलेल्या डिस्कसाठी मी लिनक्सचा पेनड्राइव्ह ठेवलाय. त्यावरून कॉम्प्युटर चालू केला की विंडोज बाजूला राहतं. त्यात डीडीरेस्क्यू नावाचं साधन चालतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्यावर शेवटी परत येतं. मध्येच लाईट गेली तरी नोंद असल्यामुळं सोडलं तिथून पुढं सुरू होतं. फक्त कुठून कुठं हे देताना तीनदा तपासा. उलटं दिलंत तर चांगली डिस्क आजारी डिस्कवर उतरेल.

'नॉट इनिशिअलाइज्ड' हा संदेशही असाच. नवीकोरी डिस्क असेल तर 'इनिशिअलाइज' करा. तेव्हा डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती विचारतात, एमबीआर आणि जीपीटी; २ टीबीपेक्षा मोठी असेल तर जीपीटी निवडा, कारण एमबीआरमध्ये त्यापुढची जागा वापरता येत नाही. कालपर्यंत चालणारी डिस्क आज हे म्हणत असेल तर मात्र 'कॅन्सल'. त्यातही आकार शून्य दिसत असेल तर यूएसबीचं सर्किट जिवंत आहे, पण मागची डिस्क उत्तर देत नाही. तिथं सॉफ्टवेअरचं काही चालत नाही.

आणि कधी कधी डिस्कला काहीच झालेलं नसतं. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा त्याची डिस्क घेऊन आला, आमच्या कॉम्प्युटरवर फॉरमॅटचा तोच संदेश. त्याचं सगळं काम मॅकवर. मॅकची एपीएफएस किंवा जुनी एचएफएस प्लस मांडणी विंडोजला आपली आपण वाचता येत नाही. उलट मॅकला विंडोजची एनटीएफएस वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. दोन्हीकडं फिरणारी डिस्क असेल तर ती एक्सफॅटमध्ये करून घ्या, अर्थात रिकामी असताना. एफएटी३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लग्नाचा एक व्हिडिओ त्याहून मोठा असतो.

साडेतीन इंची, टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कना बाहेरून १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. निपाणीचा माझा एक मित्र लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. त्याच्या टेबलाखाली अडॅप्टरांचा गुंता. घाईत लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर डिस्कला लावला, पिन बसली, डिस्क गप्प. नशीब असं की डिस्कच्या सर्किटच्या पट्टीवर विजेचा धक्का स्वतःवर घेणारा एक छोटा डायोड असतो, तो जळून शॉर्ट झाला आणि बाकीचं वाचलं. सोल्डरिंग येणाऱ्या माणसानं तो काढून डिस्क चालू केली, डेटा उतरवला आणि ती डिस्क बाद केली. आता त्याच्या प्रत्येक अडॅप्टरवर पांढरी पट्टी आणि स्केचपेननं व्होल्ट.

जुन्या घरांत आणखी एक बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही, किंवा दोन पिनांचं एक्स्टेन्शन वापरताय. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, म्हणजे एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळं अर्थ नसलेल्या कॅबिनेटवर निम्म्या व्होल्टेजइतकं येऊन बसतं. करंट अगदी कमी, माणसाला फक्त चुरचुरतं, पण वेगळा अडॅप्टर असलेली डिस्क जोडताना यूएसबीच्या तोंडाशी ठिणगी पडू शकते. वायरमनला बोलवा. डिस्क बदलून हा प्रश्न सुटत नाही.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्या डिस्क मी आल्या आल्या जोडतच नाही. तिकडं आषाढात कपाटातली पुस्तकं हाताला ओली लागतात, तर धातूच्या टोकांचं काय. तासभर खोलीत ठेवतो, टोकावर काळसर-हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण सुकू देतो. रॉकेल, घासपट्टी यातलं काही नाही. ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि नव्या बुटांच्या खोक्यात सापडणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या.

टक्-टक् करणाऱ्या, बीप करणाऱ्या आणि पाण्यात पडलेल्या डिस्कसाठी माझ्याकडं उपाय नाही, गल्लीतल्या कुणाकडंच नाही. त्या धूळ नसलेल्या बंदिस्त खोलीतच उघडतात. आमच्याकडून त्या पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात. पाठवायच्या आधी तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा मिळाला नाही तर किती द्यायचे, हे लेखी घ्या. कुणी तुमच्यासमोर पंख्याखाली स्क्रू काढायला लागला तर डिस्क उचला आणि घरी या.

माझी डिस्क अजून मागच्या पोर्टात आहे. जेवायला उठताना 'सेफली रिमूव्ह' करून काढूनच ठेवतो, आल्यावर जोडतो. तिची दुसरी प्रत नंदगडला मामांच्या कपाटात, आणि मामांच्या फोटोंची प्रत माझ्याकडं. कालनिर्णयाचं ते पान आईनं फाडून त्यात भडंग बांधून दिलं कुणाला तरी.